ठाणं, जिन्याच्या पलीकडचं

गेली अकरा वर्षं मी रोज ठाण्याला उतरते. उतरते म्हणजे काय, डोंबिवलीहून यायचं, धक्के खात पूल चढायचा आणि ट्रान्स हार्बर पकडून ऐरोलीला ऑफिस, संध्याकाळी तेच उलट. थोडक्यात माझं ठाणं म्हणजे एक जिना आणि दोन प्लॅटफॉर्म. परवा गडकरी रंगायतनला नाटक होतं, मी तिकिटावरचे साडेआठ साडेचार वाचले (चष्मा घरी, दुसरं काय) आणि मावशीला घेऊन चार तास आधीच तलावपाळीला हजर. मावशी मूळची चरईतली. म्हणाली, "बरंच झालं, चल तुला गाव दाखवते."

मी सहज "मुंबईचं उपनगर" म्हटलं आणि फसले. "उपनगर कुणाचं गं? १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती आली कुठे? ठाण्याला! मुंबईच आली आमच्याकडे." आता यावर काय बोलणार. १६ एप्रिल, १४ डबे, चारशे माणसं, ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, आणि ३४ किलोमीटरला ५७ मिनिटं. सीएसटीहून स्लो पकडली तर आजही जवळपास तासच लागतो, पण हे मी मनातच ठेवलं.

कौपिनेश्वराला गेलो. आताचं देऊळ १७६० चं, सरसुभेदार बिवलकरांनी बांधलेलं. बाहेर जांभळी नाक्याची भाजी, हार, ओरडाआरडा, आणि आत गेलं की पायाला एकदम गार फरशी. पाडव्याची शोभायात्रा इथून निघते असं मावशी कौतुकाने सांगायला लागली, तेव्हा मी पण डोंबिवलीकर, म्हटलं सुरू आम्ही केली, १९९९ ला. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग टेंभी नाक्यावरून चालत जेल. हा खरा किल्ला, हे मला माहीतच नव्हतं!! पोर्तुगीजांनी १७३० मधे बांधायला घेतला, सात वर्षांत मराठ्यांनी घेतला, १७७४ ला इंग्रजांनी, आणि पुढे त्याचाच तुरुंग झाला. काळ्या दगडाच्या फटीतून पिंपळ फुटलेला, खाली एक रिक्षावाला आरशात बघून निवांत केस विंचरत होता. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन, त्याला मारणाऱ्या अनंत कान्हेरेंना १९ एप्रिल १९१० ला इथे फाशी दिलं, कटातले साथीदार कर्वे आणि देशपांडेही सोबत. कान्हेरे अठरा वर्षांचे. मावशी एवढंच म्हणाली, "बाबा इथून जाताना हात जोडायचे," आणि तिनेही जोडले. मी पण.

येताना मामलेदारची मिसळ. मावशीने माझ्यासाठी मुद्दाम मीडियम सांगितली तरी नाकातोंडातून पाणी, आणि ही समोर बसून तिखट खातेय, वर विचारते, "डोंबिवलीत काय खाता गं तुम्ही?"

नाटक? चांगलं होतं म्हणे. पायपिटीने आम्ही दोघीही दुसऱ्या अंकात झोपलो.