मुक्काम वाईत ठेवा: कृष्णेचे घाट, कमळगड आणि पसरणी

महाबळेश्वरला जाताना वाईत तासभर थांबायचं, ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि पसरणी घाट चढायचा, ही रीत मोडायला हवी. मुक्काम वाईतच करा. पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. वाईहून पुढे पाचगणीही जेमतेम 12-13 किलोमीटर.

एक अख्खा दिवस कमळगडाला द्या. धोम जलाशयाच्या कडेने वासोळ्यापर्यंत गाडी जाते, तिथून तुपेवाडीमार्गे चढायला दोन-अडीच तास लागतात. वरच्या दाट झाडीत ढोरवाटा फुटतात आणि लोक तिथेच चुकतात, म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्याच. पाणी माणशी तीन लिटर, खालूनच. गडावर तट-बुरूज शोधत बसू नका. पाहायची ती गेरूची विहीर. जमिनीच्या पोटात उतरत गेलेली अरुंद भेग, पन्नासेक पायऱ्या आणि तळाशी लालभडक काव! पायऱ्या ओलसर असतात. विजेरी हवीच, आणि एका वेळी मोजक्यांनीच उतरा, कारण वर येणाऱ्याला बाजू द्यायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागचा घाट आणि 1739च्या वसई मोहिमेतली पोर्तुगीज घंटा, सगळं एकाच आवारात. वाईत परतल्यावर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नक्की पाहा: पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे.

पसरणी घाट शनिवार-रविवारी सकाळी सातच्या आत चढा. उतरताना दुसरा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबत आलात तर ते तापून धरेनासे होतात. जळका वास आला की रुंद जागा बघून गाडी थांबवा आणि ब्रेक गार होऊ द्या. फोटोसाठी वळणावर गाडी लावू नका, मागच्याला ती दिसत नाही. गर्दी नको असेल तर धोमवरून बलकवडीमार्गे जोर गावाला जा. गाडीरस्ता तिथेच संपतो, आल्या वाटेनेच परतायचं. त्यामुळे पेट्रोल वाईतच भरा आणि अंधाराआधी निघा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात धोममधून विसर्ग सुरू असेल तर वाईच्या घाटाच्या पायऱ्या उतरू नका. वाईत पाऊस नसला तरी पाणी चढतं, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही.