मक्केहून मुंबईला, अर्ध्या-पाऊण तासात

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मेक्का नावाचं गाव आहे आणि तिथून साधारण तीस मैलांवर बॉम्बे बीच. दोन्ही राज्य महामार्ग १११ वर. नकाशात ही नावं दिसली तेव्हाच बाबांना तिथं न्यायचं ठरवलं. बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. डिस्नेलँड झालं, हॉलिवूडची पाटी झाली, आणि आता रोज सकाळी ते परसातल्या स्प्रिंकलरकडे बघत बसायचे. उभा जन्म पाटपाण्याच्या शेतीत काढलेला माणूस, त्याला समुद्रकिनाऱ्यावरच्या बंगल्यांत काय रस?

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. तुम्हीही नोव्हेंबर ते मार्च याच काळात जा. उन्हाळ्यात इथं पारा बरेचदा ११० फॅरेनहाइटच्या वर जातो, आणि रस्त्याला सावली म्हणून नाही. शिवाय शेतं खऱ्या अर्थानं बघायची तर हिवाळाच. अमेरिकेच्या बऱ्याच भागात बर्फ असतो तेव्हा तिथल्या सॅलडची पानं इथून जातात.

लॉस एंजेलिसहून आंतरराज्य १० धरला, इंडिओपाशी ८६ चा एक्स्प्रेसवे घेतला आणि मेक्काला १११ ला लागलो. अडीच-तीन तास लागतात. टाकी मेक्कातच पूर्ण भरा. पुढे मिळेल, बघू, असं करू नका. मेक्काच्या आसपास खजुराच्या बागा आहेत, सरळ ओळीत, खाली पाट काढलेला. इथले बरेचसे खजूर मूळचे उत्तर आफ्रिकेतले. मेजूल ही जात तर १९२७ साली मोरोक्कोतून आणलेल्या मोजक्या अकरा फुटव्यांवरून वाढवलेली आहे. नर झाडाचा पराग माणसं शिड्या लावून मादी झाडावर टाकतात. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे इथं वाऱ्याचा भरवसा नाही." खजुराचा एक खोका घेतला. तो पुढे कामाला आला, ते सांगतेच.

मेक्का सोडलं की हिरवं संपतं. हळूहळू नाही, एकदम, सुरीनं कापल्यासारखं. उजव्या हाताला सॉल्टन सी (नावाला समुद्र, खरं तर खारं तळं), डाव्या हाताला रेल्वेचा रूळ आणि त्यापलीकडे करडे-तपकिरी चॉकलेट माउंटन्स. त्या डोंगरांकडे जाणारे कच्चे रस्ते मोह पाडतात, पण तिकडे नौदलाच्या बॉम्बफेकीच्या सरावाचा पट्टा आहे. न फुटलेला दारूगोळा पडलेला असतो. पाटी दिसली की मागं फिरा. रस्ता दोन पदरी आहे. कॅलिफोर्नियात अशा रस्त्यावर वेगळी पाटी नसेल तर मर्यादा ५५ मैलांची. मागचा ट्रक अगदी बंपरला येऊन चिकटतो, त्याला जाऊ द्या. दिवसाही दिवे लावून ठेवा, कारण सरळ रस्त्यावर उन्हाच्या लाटांत समोरची गाडी नेमकी किती लांब आहे ते कळत नाही. नॉर्थ शोअरच्या पुढे सरकारी मनोरंजन क्षेत्र आहे. तिथं स्वच्छतागृह आहे, वापरून घ्या.

बॉम्बे बीचला पोचल्यावर बाबांनी गावाच्या पाटीपुढे फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. गाव समुद्रसपाटीच्या २०० फुटांहूनही खाली आहे. एकेकाळी इथं बोटी आणि मासेमारीसाठी झुंबड उडायची. आज अर्धी घरं मोडकळीला आलीत आणि राहिलेल्या अर्ध्यात कलाकार नाहीतर पडेल भावात जागा मिळाली म्हणून आलेली माणसं. किनाऱ्यावर भंगाराची शिल्पं मांडून ठेवलीत. मला ती विशेष भावली नाहीत, पण तरुण मंडळी फोटो काढायला लांबून येतात.

पायाखाली मात्र बघा. दुरून पांढरी वाळू वाटते. जवळ गेलात की करकर आवाज येतो. ती वाळू नाहीच, बार्नकल नावाच्या चिकटून राहणाऱ्या जीवांची शिंपली आणि माशांची हाडं. मी मूठभर उचलली. त्यात मणक्याचे पांढरे मणी होते, अगदी ओवता येतील असे, आणि एक अख्खा जबडा. वास सडक्या अंड्यांचा. वारा पाण्याकडून असेल तर फार वेळ थांबवत नाही. दमा असणाऱ्यांनी वादळी दिवशी इकडे फिरकूच नये. पाणी मागं हटतंय, तळ उघडा पडतोय आणि तीच धूळ उडते.

इथंच मी शहाणपणा केला. लोकांच्या चाकांचे माग पाण्याच्या दिशेनं गेलेले दिसले, वर खडखडीत पांढरी पपडी. घातली गाडी. पन्नासेक फुटांवर पुढची चाकं खचक्‌कन आत गेली. पपडीखाली काळा, तेलकट चिखल. मी घाबरून रेस दिली तशी गाडी अजून बसली. बाबा म्हणाले, "पोरी, पाय काढ. बैलसुद्धा चिखलात मारून निघत नाही." पायाखालच्या मॅट चाकांपुढे घातल्या, काही उपयोग झाला नाही. फोनला रेंज एक काडी, तीही येऊन-जाऊन. शेवटी पिकअपवाल्या एका म्हाताऱ्यानं पट्टा लावून ओढलं. तो घट्ट जमिनीवरच थांबला होता, अक्कल असलेला माणूस. पैसे घेईना. खजुराचा खोका मात्र घेतला. तर, पपडीवर गाडी घालू नका, आणि या बाजूला येताना ओढायचा पट्टा, माणशी किमान चार लिटर पाणी आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा एवढं हवंच.

पुढे नायलंड. याच्या जवळ एक चिखलाचं डबकं आहे जे चालतं. खरंच चालतं. खालून येणारा कार्बन डायऑक्साइड बुडबुडतो, पाणी गरम नाही, आणि काही वर्षांपूर्वी हे डबकं सरकत सरकत रेल्वेच्या रुळाखाली आणि १११ च्या दिशेनं आलं. रूळ बाजूला घ्यावे लागले, रस्ताही वळवावा लागला. सॅन अँड्रियास भेगेचं दक्षिणेचं टोक इथंच संपतं, त्यामुळे जमिनीचा भरवसा कमी. तिथं थांबायची सोय नाही, गाडी उभी करू नका. नायलंडपासून जवळच साल्व्हेशन माउंटन हा रंगवलेला टेकाड आहे. लेनर्ड नाइट नावाच्या माणसानं माती, गवत आणि रंगाचे डबे यांवर आयुष्याची कित्येक वर्षं घालवून तो उभा केला. अर्धा तास पुरे.

नायलंडनंतर हिरवं पुन्हा सुरू झालं, तसंच कापल्यासारखं. या टोकाला वाळवंट, मध्ये कालवा, त्या टोकाला कोवळं लेट्यूस. बाबा एवढा वेळ मागच्या खिडकीतून बघत होते, ते पुढच्या सीटवर आले.

या खोऱ्यात, म्हणजे इंपीरियल व्हॅलीत, वर्षाला तीन इंचही पाऊस पडत नाही आणि जवळपास पाच लाख एकर भिजतं. सगळं पाणी कोलोराडो नदीचं. युमाजवळच्या इंपीरियल धरणातून ऑल-अमेरिकन कालवा निघतो, ८० मैल येतो, तोही उतारानं, कारण हे खोरं नदीपेक्षा खाली आहे. शेतकऱ्याला किती पाणी हवं ते तो आधी नोंदवतो आणि पाटकरी येऊन दार उघडतो. या पाटकऱ्याला इथं स्पॅनिशमधून आलेला 'सानहेरो' हा शब्द आहे. एका चारीच्या कडेला त्याची पांढरी पिकअप उभी होती. आम्ही शेजारच्या सडकेवर थांबून बघितलं. त्यानं चाक फिरवलं, झडप वर गेली, खाली एक मापाची पट्टी होती तिच्याकडे बघितलं, पुन्हा अर्धा आटा खाली. बाबा म्हणाले, "आमचा पाटकरी हे बघत नाही. हा बघतो." थोड्या वेळानं, "पण दार तेच."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. "एवढं पाणी देतात, मग निचरा कुठं जातो?" शेताच्या बांधावर जमिनीला पांढरं मीठ फुटलेलं त्यांना दिसलं होतं. नदीचं पाणी मुळातच खारवट, ते दिलं की मीठ मुळाशी साठतं. म्हणून जास्त पाणी देऊन ते खाली धुऊन काढतात, जमिनीखाली पाइप घातलेले आहेत, त्यांतून ते नाल्यात, तिथून न्यू आणि अलामो या नद्यांत, आणि मग सॉल्टन सीत. १९०५ साली कालव्यासाठी नदीला पाडलेलं तोंड पुरात फुटून सगळी नदी या खोऱ्यात घुसली, १९०७ मध्ये बुजवेपर्यंत तळं झालं होतं. त्यानंतर ते शेतांच्या निचऱ्यावरच जगलं. आता पाण्याची काटकसर, शहरांना विक्री, त्यामुळे निचरा कमी, तळं आटतं आणि खारेपणा महासागराच्या दुपटीजवळ गेलाय. बाबा बराच वेळ गप्प होते. "म्हणजे आपण ज्याच्यात रुतलो, ती या लोकांची चिबड," एवढंच म्हणाले. चिबड म्हणजे पाणी आणि मीठ साचून खराब झालेली जमीन.

कॅलिपॅट्रिया गावात एक ध्वजस्तंभ आहे, १८४ फुटांचा. गाव समुद्रसपाटीखाली तेवढंच आहे, त्यामुळे झेंडा नेमका समुद्राच्या पातळीवर फडकतो. मान दुखेपर्यंत वर बघा. तिथून ब्रॉलीकडे जाताना गुरांचे गोठे लागतात, हजारोंनी जनावरं, आणि खिडक्या बंद करूनही वास येतो. लसूणघासाच्या गठ्ठ्यांच्या थप्प्या चार-चार मजली. ब्रॉलीच्या दक्षिणेला ८६ वर एक साखर कारखाना आहे, उसाचा नव्हे, बिटाचा. त्याच्या टाकीवर समुद्रसपाटीची रेघ मारलेली आहे, खूप वर. २०२५ साली तो बंद करत असल्याचं जाहीर झालं.

ब्रॉलीच्या पश्चिमेला वेस्टमोरलंड. इथं दलीपसिंग सौंध यांनी शेती केली. गणितात डॉक्टरेट घेतलेला पंजाबी माणूस, १९४६ च्या कायद्यानंतर नागरिक होता आलं, पुढे इथला न्यायाधीश झाला आणि १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आला, पहिला आशियाई. १९४६ च्या आधी भारतीयांना इथं आपल्या नावावर जमीनसुद्धा घेता येत नव्हती. मायदेशातून बायका आणणंही कायद्यामुळे जवळपास अशक्य होतं, म्हणून अनेक पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. एल सेंट्रोत गुरुद्वारा आहे.

शेतात उतरू नका, कितीही मोह झाला तरी. अन्नसुरक्षेचे नियम कडक आहेत, तुमच्या बुटांमुळे त्या तुकड्याचं पीक टाकून द्यावं लागू शकतं. पहाटे मजुरांच्या बसगाड्या मागे फिरती शौचालयं ओढत जातात, त्यांना ओलांडायची घाई नको. ट्रॅक्टरमागे केशरी त्रिकोण दिसला की ब्रेक. कालव्याच्या कडेला कठडा नसतो आणि काठ गुळगुळीत काँक्रीटचे असतात, आत पडलं तर वर येता येत नाही. मुलं असतील तर हात सोडू नका.

एल सेंट्रोला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी याच रस्त्यानं परतलो. उत्तरेला जाताना नायलंडच्या पुढे सीमा गस्तीचं नाकं लागतं. ८६ वर जाल तर वेस्टमोरलंडच्या पुढेही. माझं ग्रीन कार्ड पाकिटात होतं, बाबांचा पासपोर्ट मात्र बॅगेत, बॅग डिकीत, वर भाजीच्या पिशव्या. मागे गाड्यांची रांग आणि मी पिशव्या उचकते आहे. अधिकारी शांत होता, पण तुम्ही कागद हाताशी ठेवा. व्हिसावर असाल तर नुसत्या फोटोवर भागेल असं समजू नका.

आणि एक. कॅलिपॅट्रियाच्या पश्चिमेला, सिंक्लेअर रोडवरच्या पक्षी अभयारण्याकडे जाताना चाऱ्यांचे बांध न्याहाळत चला. बिळात राहणारी छोटी घुबडं तिथं दिवसाढवळ्या उभी असतात, वितीएवढी, लांब पायांची, पिवळ्या डोळ्यांची. गाडी हळू करून काच खाली घ्या आणि आतूनच बघा. उतरलात की ते डोकं खाली-वर करतं आणि बिळात नाहीसं होतं. हे मी बाबांना दोनदा सांगितलं. बाबा उतरले.