पूलचं पाणी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवं रोप लावलं की सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. बाबांनी रोपं लावली, मी एका मुंबईकरांच्या बंगल्याची देखरेख धरली.

परवा त्यांचा फोन आला. पाहुणे येणार होते. "स्विमिंग पूल काठोकाठ भरून ठेवा हं, गेल्या वेळी पाणी हिरवट होतं." माणूस वाईट नाही; बाबांच्या औषधाला एकदा त्यांनीच पैसे दिले होते. पण मे महिना आहे, आमच्या विहिरीचा कातळ उघडा पडलाय. रात्रभर झऱ्याचं जेवढं साठतं, तेवढं आई पहाटे चारला वाटीवाटीनं कळशीत भरते. रोपांना मग काय उरणार?

टँकरचा पाइप पूलमध्ये सोडला, तेव्हा ती कुंपणापलीकडे उभी होती, रिकामी कळशी कमरेवर. बोलली काहीच नाही. मला तो पाइप हातात धरवेना.

संध्याकाळी मीच फोन लावला. पुढचा अर्धा टँकर वाडीला देऊ का, सरळ विचारलं.

"अवश्य द्या. पण तुमच्याकडे पाणी नाही, हे मला माहीतच नव्हतं."

चार वर्षं येतायत ते. आमची विहीर त्यांच्या फाटकापासून पन्नास पावलांवर आहे.