तुम्ही विचारलंत म्हणून : तुमची खरी टीम कुठली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी चारचौघांत काढत नाही. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, पंचेचाळिशी उलटलेल्या बाईने सुपरहिरोंच्या कॉमिक्सवरून आवाज चढवणं सदाशिव पेठेत अजून तितकंसं रुळलेलं नाही.

प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सिनेमे बघून नव्याने वाचायला लागलेल्या पोरांकडून: "दर दोन वर्षांनी टीममधली निम्मी माणसं बदलतात. मग तुमची खरी टीम कुठली?" आणि त्याला चिकटून दुसरा, जो विचारणाऱ्याला स्वतःला फार बिनतोड वाटतो: "सगळीच माणसं बदलली, तर ती टीम तीच कशी?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. मामाच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सची चळत होती. त्यातला वेताळ म्हणजे एकविसावा वेताळ. बाप मरतो, मुलगा कवटी गुहेत शपथ घेऊन तोच मुखवटा चढवतो, आणि जंगलातले लोक समजतात की हा अमर आहे. ली फॉकने ही युक्ती 1936 सालीच करून ठेवली. मला हे कळलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन, आणि मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पाटीवर त्याच्या आजोबांचं नाव होतं, गल्ल्यावर नातू बसायचा आणि आई म्हणायची, "दादांकडून गूळ आण." दादा जाऊन वीस वर्षं झाली होती.

तेव्हा टीम तीच कशी, यात मला तरी कोडं दिसत नाही. अडचण आहे ती पहिल्या प्रश्नात.

आठवीत असताना कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे मला एक्स-मेनचा एक अंक मिळाला. एक्स-मेन म्हणजे म्युटंटांची, जन्मजात विलक्षण शक्ती असलेल्या माणसांची टीम. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटचं पान चहाने चिकटलेलं. तो 201वा अंक होता, 1986च्या जानेवारीचा, हे पुष्कळ नंतर समजलं. त्यात स्टॉर्म आणि सायक्लॉप्स यांच्यात टीमचं नेतृत्व कोणी करायचं यावरून झुंज लागते. वादळं अंगावर खेळवणाऱ्या स्टॉर्मची सगळी शक्ती तेव्हा गेलेली असते. साधी बाई. आणि ती जिंकते. सायक्लॉप्स मान खाली घालून निघून जातो. टीमची अदलाबदल म्हणजे काय, हे मी त्या चहाच्या डागातून शिकले.

पुढचा अंक मिळायला आठ महिने लागले, आणि तो "पुढचा" नव्हताच. रद्दीवाला काही क्रमाने विकत नाही. त्यात ही मंडळी एकदम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहत होती. स्टॉर्म होती, वुल्व्हरिन होता. पण किटी प्राइड नव्हती, नाइटक्रॉलर नव्हता, आणि सायलॉक, डॅझलर, लाँगशॉट, हॅवॉक अशी चार अनोळखी माणसं घरच्यासारखी वावरत होती. किटी कुठे गेली? कोणी तिचं नावही काढेना. मी दोन दिवस जेवले नाही असं आई सांगते. तेवढं काही खरं नाही, पण वरणभातावर राग काढला होता हे आठवतं. मधल्या अंकांत एका हत्याकांडात ती आणि नाइटक्रॉलर जबर जखमी झाले होते, नंतर ते इंग्लंडमध्ये दुसऱ्या टीमबरोबर दिसू लागले, हे सगळं रीतसर छापलेलं होतं. फक्त कॅम्पात आलेलं नव्हतं.

यातून मला एक खोड लागली. नवी टीम समोर आली की कोण आलं हे मी बघतच नाही. जे गेले ते कसे गेले, ते आधी शोधते.

आता आमच्या कॉमिक्सच्या मंडळाबद्दल. महिन्यातून दोन रविवारी सहकारनगरातल्या एका हॉलमध्ये आम्ही सहा जण जमतो. यजमान म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे 1991च्या एक्स-मेनचा पहिला अंक प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद आहे आणि मुलीच्या लग्नात तो उपयोगी पडेल अशी त्यांची समजूत होती. त्या अंकाच्या पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या मिळून 80 लाखांवर प्रती खपल्या. ज्याने त्याने तो जपून ठेवला, त्यामुळे आज त्याला किंमत नाही. मुलीचं लग्न झालं. अंक अजून कपाटात आहे. सगळ्यात धाकटा आयटीवाला, तो सगळं टॅबवर वाचतो. बाकीचे मधल्या वयाचे. पोहे काका करतात. वाद आम्ही घेऊन येतो.

गेल्या वर्ष-दीड वर्षातला मोठा वाद 2024च्या एक्स-मेनवरचा. आधीची पाच वर्षं सगळे म्युटंट क्रकोआ नावाच्या बेटावर आपलं स्वतंत्र राष्ट्र करून राहत होते. ते संपलं आणि घर फुटल्यासारखी माणसं पांगली. सायक्लॉप्स अलास्कात टीम घेऊन बसला, त्यात मॅग्नीटो आणि जगरनॉट हे टीमचे जुने वैरी. रोग नावाची म्युटंट आणि गॅम्बिट लुईझियानात, त्यांच्याबरोबर वुल्व्हरिन, नाइटक्रॉलर, ज्युबिली. किटी शिकागोत, पोरांना शिकवायला. काकांचं म्हणणं, "जगरनॉट एक्स-मेनमध्ये? ज्याने आयुष्यभर टीम काढणाऱ्या प्रोफेसरच्या घराच्या भिंती पाडल्या तो?" धाकट्याचं म्हणणं, "काका, त्याला तर मतदान करून आणलाय."

हे खरं आहे. 2021पासून तीन वर्षं टीममधली एक जागा वाचकांच्या मतांवर सोडली होती. पहिल्या वर्षी पोलॅरिस आली, मग फायरस्टार, 2023ला जगरनॉट. आणि त्या 2023च्या अंकात काय केलं, तर नवी टीम व्यासपीठावर जाहीर केली आणि त्याच अंकात तिच्यातले बहुतेक जण मारून टाकले. पुणे महापालिकेची मुदत 2022च्या मार्चमध्ये संपली होती आणि निवडणूक लांबतच चालली होती. त्या काळात एक जगरनॉट तरी आमच्या मताने निवडून आला, ही धाकट्याची आवडती कोटी. काकांना ती आवडत नाही, कारण त्यांना मतदानच आवडत नाही. ते लगेच 1988 काढतात. बॅटमनचा जोडीदार जेसन टॉड जगावा की मरावा यासाठी वाचकांना फोन करायला सांगितलं होतं, कॉलला 50 सेंट. मरावा : 5,343. जगावा : 5,271. बहात्तर मतांनी पोरगा मेला. "बहात्तर," काका म्हणतात, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त माणसं असतात." (नसतात. मी त्या मीटिंगला गेले आहे.)

जगरनॉटला माझी हरकत नाही. उलट विरुद्ध बाजूच्या माणसांना टीममध्ये घेण्याची ही परंपरा मला मान्य आहे, आणि ती 1965इतकी जुनी आहे. ॲव्हेंजर्सचा पहिला अंक 1963चा : आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन, वास्प. हल्क दुसऱ्याच अंकात भांडून गेला. चौथ्यात कॅप्टन अमेरिका आला. आणि सोळाव्यापर्यंत उरलेले सगळे संस्थापक टीममधून बाहेर पडले. ज्यांच्या स्वतंत्र मालिका चालू आहेत अशा बड्या मंडळींचं वेळापत्रक जुळवता जुळवता लिहिणाऱ्याच्या नाकी नऊ येतात, हे त्यामागचं रोकडं कारण. पण पानावर बघा काय केलंय. हॉकआय आपण होऊन वाड्यात शिरतो आणि आपलं कसब दाखवायला बटलरला बांधून घालतो. क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच ही भावंडं येतात. तिघंही कालपर्यंत विरुद्ध बाजूची. पत्रकारांसमोर जुनी माणसं नव्यांच्या हाती कारभार देतात. आणि कॅप्टन अमेरिका बिचारा परगावाहून परत येतो तो हे तीन उपद्व्यापी त्याच्या गळ्यात बांधलेले. जो गेला तो का गेला, जो आला त्याला दार कोणी उघडलं, सगळं दिसतं. मग ती टीम कितीही फुसकी असो, मला खरी वाटते.

ॲक्वामॅनचं तसंच. 1984 साली त्याने जस्टिस लीग ही सुपरमॅनसारख्या बड्या हिरोंची टीम बरखास्त केली. का? तर सुपरमॅन, वंडर वुमन वगैरे लोक हजेरीच लावत नाहीत, मला पूर्णवेळ येणारी माणसं हवीत. मग डेट्रॉइटमध्ये व्हाइब, व्हिक्सन, जिप्सी, स्टील अशी कोणाला माहीत नसलेली मुलं घेऊन त्याने नवी लीग काढली. लोक आजही त्या टीमला हसतात. तीन वर्षांत मालिका बंद पडली, जाताना व्हाइब आणि स्टीलला मारूनच गेली. आमच्यात त्या टीमची बाजू घेणारी मी एकटी. ज्याने कधी एकांकिकेची तालीम घेतली आहे त्याला ॲक्वामॅन कळतो.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल.

कॉलेजात मी पुरुषोत्तम करंडकात होते. पहिल्या वर्षी तीन वाक्यांची भूमिका, शिवाय नेपथ्य उचलणं, शिवाय चहा. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून बाहेरचा "अरे आव्वाज कुणाचा!" ऐकताना पोटात जे होतं ते तिथे उभं राहिलेल्यालाच माहीत. त्या स्पर्धेत दरवर्षी मुलं पास होऊन जातात, कॉलेजचं नाव तेच राहतं, वैर तेच राहतं, गेल्या वर्षीच्या पराभवाचा सूड ज्यांचा पराभव झालाच नव्हता अशी मुलं घेतात. आमच्याकडे पद्धत होती : जाणारा सीनियर शेवटच्या दिवशी तालमीच्या खोलीची किल्ली ज्याच्या हातात द्यायचा, तो पुढचा. भाषण वगैरे नाही. किल्ली.

दुसऱ्या वर्षी मी टीममध्ये नव्हते. हे मला कोणी सांगितलं नाही. जूनपासून मी तालमीला जात होते, ऑगस्टच्या एका सकाळी फळ्यावर यादी लागली आणि त्यात माझं नाव नव्हतं. माझ्या जागी घेतलेली मुलगी माझ्याहून चांगली होती, खरंच चांगली होती, मी प्रेक्षकांत बसून तिला बघितलं आहे. ज्याने यादी लावली तो दुपारी कँटीनमध्ये भेटला आणि म्हणाला, "अगं, तुला कळलं असेलच." बस, एवढंच. तीस वर्षं होतील आता. तो आजही कुठे भेटला तर मी छान बोलते.

तेव्हा आमच्या मंडळात मी जेव्हा एखाद्या नव्या मालिकेवर तुटून पडते, तेव्हा बाकीचे समजतात की मला जुनं ते सोनं वाटतं. तसं नाही. हल्ली विक्री घसरली की मालिका बंद करायची, नव्या "अंक 1"ने सुरू करायची आणि मुखपृष्ठावर नवे सात जण ओळीने उभे करायचे, ही फळ्यावरची यादी झाली. "कळलं असेलच." माझं भांडण तिथे आहे. अलास्कातल्या टीमबद्दल मी काकांच्या विरुद्ध आहे ती एवढ्याचसाठी : बेट गेलं, घर गेलं, आणि म्हणून हे असे विचित्र लोक एका छपराखाली आले, हे तिथे दिसतं. आणि त्याच 2024च्या नव्या जस्टिस लीगबद्दल मी धाकट्याच्या विरुद्ध आहे. मार्क वेडने लिहिली आहे, डॅन मोराने काढलेली चित्रं तर बघत राहावीत अशी. पण तिथे यच्चयावत हिरो सभासद. ही टीम नव्हे, ही गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. कोणाला नकारच मिळत नसेल, तर आत आल्याचं कोणाला काय?

धाकट्याचं यावरचं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही, ते प्रामाणिकपणे लिहिते. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला यादीतून काढलं म्हणून तुम्हाला याद्या आवडत नाहीत. मला शाळेत कुठल्याच टीममध्ये घेतलं नाही. मला ते सगळे सभासद असलेलं चित्र बघूनच बरं वाटतं."

मी पोहे खाल्ले.

तर खरी टीम कुठली, तर माझी : शक्ती गेलेली स्टॉर्म नेता, आणि आजूबाजूला जे कोण असतील ते. किटी असली तर उत्तम. तुम्ही रद्दीत दुसरा अंक उचलला असतात तर तुमची वेगळी असती, आणि आपण भांडलो असतो.

धाकटा दिवाळीनंतर बंगळुरूला गेला. शेवटच्या रविवारी चितळ्यांची बाकरवडी झाली, काकांनी पाच मिनिटं बोलून घेतलं, आणि मी कोणाला न सांगता आमच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली. तो म्हणाला, "ताई, मी तर चाललोय, मला कशाला?" म्हटलं, "तुला नाही. तू कोणाला देतोस ते बघायचंय." त्याने ती खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीला दिली. आमच्याकडून अंक नेऊन वेळेवर परत करणारी ती एकटीच.

ती पुढच्या रविवारी आली, धाकट्याच्या खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की 201व्या अंकात सायक्लॉप्सच बरोबर होता. काकांनी तिला पोह्यांची दुसरी बशी भरून दिली. मला विचारलंही नाही.