आमची वाटचाल : प्लास्टरच्या कडेपासून

आमची मुलगी चालायला लागली तेव्हा ती एका बाजूला झुकते, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसलेलाच नव्हता. ऑपरेशन झालं तेव्हा ती 19 महिन्यांची होती. बसवलेला गोळा हलू नये म्हणून छातीच्या खालपासून थेट दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले, मधे आधाराला आडवी दांडी आणि सू-शीसाठी मांड्यांमधे तळहाताएवढी मोकळी जागा. असं 12 आठवडे, त्यात 6 आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन प्लास्टर बदलायचं. या प्लास्टरला ‘स्पायका’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कणीस. पट्टीचे वेढे कणसातल्या दाण्यांसारखे एकमेकांवर तिरपे चढत जातात, म्हणून हे नाव.

आमचा आजचा सगळा व्यवसाय त्या तळहाताएवढ्या जागेच्या कडेवर उभा आहे.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री आम्ही तिला सपाट गादीवर निजवलं आणि प्लास्टरवरूनच एक मोठं डायपर बांधलं. सकाळी उचललं तर प्लास्टर बाहेरून कोरडं होतं, पण पाठीच्या बाजूने बोट आत घातलं तर कमरेपर्यंत ओल. सू खाली न जाता आतल्या आत वर चढली होती. बाहेरचं फायबरग्लास पाण्याने बिघडत नाही, पण आतलं कापसाचं अस्तर एकदा भिजलं की वाळता वाळत नाही आणि त्याला टेकलेली कोवळी कातडी सोलवटते. मुलीला काय होतंय ते सांगता येत नव्हतं. ती प्लास्टरवर हात आपटून एवढंच म्हणायची, “आई, पॅन्ट काढ.” तिच्या दृष्टीने ती एक जाड, न निघणारी पॅन्टच होती.

पुढच्या तपासणीला प्लास्टर घालणाऱ्या दादांनी शांतपणे करून दाखवलं. डायपर दोन लागतात. आतलं नेहमीपेक्षा दोन मापं लहान. त्याच्या चिकटपट्ट्या कापून टाकायच्या आणि चारी कडा प्लास्टरच्या आत सारायच्या : पुढून पोटाकडे, मागून कमरेकडे, बाजूंनी मांड्यांच्या आत. वरचं मोठं डायपर फक्त आतल्याला धरून ठेवायला. दिवसा दर 2 तासांनी बोट घालून बघायचं, रात्री 3-4 तासांनी, आणि ओलं लागलं की लगेच बदलायचं. पूर्ण भरायची वाट बघायची नाही. निजवताना नुसती डोक्याखाली उशी देऊन भागत नाही, पाठीपासून सगळं अंग उतारावर हवं. डोक्याची बाजू उंच, पायांची खाली. मग सू पाठीकडे चढत नाही.

त्यांनी कडेला पाकळ्याही लावून दिल्या. वॉटरप्रूफ टेपचे लहान तुकडे, टोकं गोल कापलेली, अर्धे आत, अर्धे बाहेर, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर थोडा चढवलेला. त्यामुळे कड मांडीला टोचत नाही आणि ओल अस्तरात मुरत नाही. सासूबाईंचा हात आयुष्यभर शिवणयंत्रावर चाललेला. त्यांनी त्या पाकळ्या चष्मा लावून निरखल्या आणि म्हणाल्या, “ही तर गळ्याला पट्टी लावायचीच रीत आहे गं. कड सांभाळली की कपडा टिकतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी पहिली चड्डी बेतली. बाजारातली कुठलीही चड्डी फाकवलेल्या पायांतून वर चढतच नाही. दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडणारी, टिचबटणांची, आसनाला भरपूर कापड सोडलेली चड्डी हवी होती. मुलीला न हलवता खालून सरकवायची, वर आणायची, बटणं लावायची. वरचं डायपर तिने जागच्या जागी धरलं आणि त्या रात्री आम्ही सलग 3 तास झोपलो.

तपासणीला गेलो की बाकावर इतर आया भेटत. एकीने चड्डी कुठे मिळाली विचारलं, तिला एक शिवून दिली. तिने दुसरीला सांगितलं. व्यवसाय करायचा असं बसून ठरवलंच नाही. फोन येत गेले आणि आम्ही शिवत गेलो.

मापांचा प्रश्न मात्र मोठा होता. वय सांगून माप कळत नाही. कुणाच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत प्लास्टर, कुणाच्या एका पायाला पूर्ण आणि दुसऱ्याला गुडघ्याच्या वरपर्यंत. 12 आठवड्यांनी आमच्या मुलीचं प्लास्टर करवतीने दोन शिंपल्यांसारखं उघडलं, तेव्हा आम्ही ते मागून घेतलं. पुसून, उन्हात वाळवून, दोन्ही अर्धं पुन्हा पट्टीने बांधलं. तोच आमचा पहिला पुतळा. पुढे इतर पालकांनीही आपापल्या मुलांची प्लास्टरं दिली, आणि आज आमच्या शिवणाच्या खोलीत अशी 7 कवचं भिंतीला टेकून उभी आहेत.

चूकही आमच्या हातून झाली आहे, ती सांगायलाच हवी. आतल्या डायपरऐवजी धुता येणारी कापडी घडी द्यावी असं वाटलं आणि जास्त शोषावं म्हणून ती जाड केली. काही दिवसांनी एका आईने फोटो पाठवला : मांडीच्या आतल्या बाजूला, बरोबर कडेखाली, लाल वळ. प्लास्टरच्या आत मुळातच जागा कमी, त्यात आमची घडी दाबत होती. ज्या 11 जणांनी ती घेतली होती त्या प्रत्येकाला आम्ही फोन केला आणि वापरू नका म्हणून सांगितलं. त्यानंतर कडेच्या आत जाईल असं काहीही आम्ही बनवत नाही. आतलं डायपर बाजारातलं पातळच बरं.

उताराची गादी हे आमचं दुसरं काम. लांब, एका बाजूने उंच होत जाणारा फोम, वर धुता येणारी खोळ. मूल उताणं असो वा पालथं, गादी दोन्हीकडे चालते. पालथं ठेवल्यावर हात मोकळे होतात, खेळणी पुढ्यात येतात, पाठीवरचा दाबही हटतो. दिवसा दर 2 तासांनी कूस बदलावीच लागते. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. आणि त्या आडव्या दांडीला धरून मूल कधीही उचलू नये. ती आधाराला असते, उचलायला नाही.

सुगंधी पावडर ठेवा, खाजेसाठी काडी ठेवा, असं बरेचदा सुचवलं जातं. आम्ही ठेवत नाही. पावडर आत जाऊन गोळे होते, काडीने कातडी फाटते आणि ती जखम कुणाला दिसत नाही. खाज सुटली तर ड्रायरची गार हवा कडेतून सोडावी. गरम अजिबात नाही. वास येतोय तर तो झाकायचा नसतो, कशाचा आहे ते शोधायचं असतं.

प्रत्येक पार्सलमध्ये एक कागद जातो. अंग पिळलेल्या फडक्याने पुसायचं, केस एकाने धरून दुसऱ्याने सिंकच्या कडेवर धुवायचे, जेवताना गळ्यापासून प्लास्टरवर मोठा टीशर्ट किंवा टॉवेल, म्हणजे कण आत पडत नाहीत. पोट फुगायला जागा कमी असते, म्हणून थोडं थोडं पण बऱ्याचदा भरवायचं. मोठ्या अक्षरात मात्र एवढंच छापलंय : पायाची बोटं रोज अनेकदा बघा. गार, निळसर किंवा सुजलेली वाटली, नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग लगेच परतला नाही, मूल बोटं हलवत नसेल, ताप आला, आतून कुजका वास आला किंवा रडणं थांबेना, तर आम्हाला फोन करू नका. थेट डॉक्टरांकडे जा.

आता आम्ही 4 जणी शिवतो. सासूबाई कडेची शिवण अजून स्वतः तपासतात, बोट आतून फिरवून. कुठे टोचलं तर ती चड्डी उसवली जाते. काल एका बाबांचा फोन आला. मुलगा 4 वर्षांचा, मांडीचं हाड मोडलंय, एक पाय पूर्ण प्लास्टरमध्ये, दुसरा गुडघ्याच्या वरपर्यंत. अशा मापाचं कवच आमच्याकडे नाही. त्यांनी वर्तमानपत्रावर कड रेखून फोटो पाठवला, शेजारी मोजपट्टी ठेवून. सकाळपासून तो कागद टेबलावर पसरलाय आणि सासूबाई खडूने आसनाला दोन बोटं जास्त सोडताहेत. पार्सल आज संध्याकाळी निघेल.