दिवाणजींचा भगवानदादा

पाचव्या दिवशी सांगलीचा सरकारी गणपती कृष्णेत गेला, की गावभागातल्या आमच्या मंडळाला गॅदरिंगचे वेध लागायचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्यामुळे इथे ज्याला त्याला आपण जातिवंत नट वाटतो. कार्यक्रम मारुतीच्या शेपटासारखा लांबायचा. संगीत खुर्ची, पाककृती, पोरांची नाटुकली, अध्यक्षांचं भाषण (ते ऐकायचं कुणी?). तरी मंडप हलायचा नाही, कारण शेवटी दिवाणजी असायचे.

दिवाणजी हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे हिशेब लिहायचे. ठेंगणे, पोट सुटलेलं. 'अलबेला' या जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लागली की तिरकी टोपी घालून यायचे आणि त्यातला नट भगवानदादा व्हायचे. पाय जागचे जेमतेम हलणार. सगळी करामत खांद्यांची, मनगटांची आणि त्या मिश्कील डोळ्यांची. पुढच्या रांगेत बसलं की दिव्याच्या उजेडात त्यांची पिवळी नखं दिसायची. हल्लीची पोरं कोलांट्या मारतात, बघताना छाती दडपते. पण घरी जाऊन आरशापुढे करून बघावासा वाटला तो हाच नाच.

तालमीनंतर भडंग खात दिवाणजी दादांचं चरित्र लावायचे. भगवान आभाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. मूकपटात सुरुवात, मग स्टंटपट. नट, दिग्दर्शक, निर्माता, सगळं एकटाच. चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. १९५१ च्या 'अलबेला'त गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं आणि दादांच्या तोंडची गाणी गायलीही त्यांनीच, चितळकर या नावानं. मग जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात वारांना सात गाड्या! गाड्यांपाशी दिवाणजींचा आवाज चढायचा आणि गोष्ट तिथेच संपायची.

पुढचं मी मोठेपणी वाचलं. 'झमेला', 'लाबेला' हे पुढचे प्रयत्न; 'अलबेला'चं यश काही पुन्हा आलं नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादा दादरच्या चाळीत आले. एकेकाळचा निर्माता दुसऱ्यांच्या सिनेमात घडीभर तोच नाच करायला जाऊ लागला. आणखी एक गोष्ट दिवाणजींनी कधी काढली नाही. १९४२ साली एका चित्रीकरणात दादांची थप्पड ललिता पवारांना इतक्या जोरात बसली, की चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून नाव होत असताना बाईंना खाष्ट सासवांकडे वळावं लागलं. त्यांनी त्याचंही सोनं केलं, पण म्हणून दादांच्या चरित्रातून ते पान फाडता येत नाही. दिवाणजींना मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाळ, भडंग संपव."

४ फेब्रुवारी २००२ ला दादा गेले. त्या वर्षी मंडळाच्या बैठकीत श्रद्धांजलीचा विषय निघाला आणि भाषण कुणी करायचं यावर नेहमीप्रमाणे वाद झाला. दिवाणजींचे गुडघे तोवर गेले होते. शेवटी बायकांनी तो नाच मागून घेतला. पाककृतीपेक्षा जास्त नावं त्यालाच आली. दिवाणजी खुर्ची टाकून तालमीला बसायचे आणि आमच्या आईसकट सगळ्यांवर ओरडायचे, "वहिनी, पाय कमी! खांदे, खांदे हलवा!"