मिठाचा माग काढणाऱ्या अभ्यासात मी: माझा अनुभव

एका वैद्यकीय महाविद्यालयाचं पथक रक्तदाब आणि मीठ यांच्या अभ्यासासाठी मालवणजवळच्या आमच्या वाडीत आलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. त्याला कारण आहे. माझ्या बाबांच्या अंगावरून वारं गेलं, तोवर त्यांचा रक्तदाब कुणी एकदाही मोजला नव्हता. होडी ओढणारा धडधाकट माणूस, त्याला कसला आलाय बीपी, असंच सगळे धरून चालले होते. उजवा हात आणि वाचा गेली ती गेलीच. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं काहीही न दुखता मेंदूच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो, हृदयाची डावी बाजू जाड करतो, हे मला पुढे कळलं.

संमतीपत्र मराठीत होतं. नर्सताईंनी ते ओळ न् ओळ वाचून दाखवलं. कधीही अभ्यास सोडता येईल, सोडलात तरी आरोग्य केंद्रातले उपचार थांबणार नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मगच सही घेतली.

मग रक्तदाब. दवाखान्यात घाईघाईत पट्टा बांधून आकडा सांगतात, तसं इथे नव्हतं. आधी विचारलं, अर्ध्या तासात चहा घेतला का, मशेरी लावली का? आमच्याकडच्या बायकांना हे विचारायलाच हवं, कारण तंबाखूने दाब तेवढ्यापुरता चढतो. लघवीला जाऊन यायला लावलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, न बोलता पाच मिनिटं बसवलं. दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा निवडला, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. तीन वेळा मोजून पहिला आकडा सोडला आणि उरलेल्या दोनांची सरासरी लिहिली. माझी १४८/९२ आली.

खरी कसोटी पुढे होती. रोज किती मीठ खाता, या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? माझी खानावळ आहे. मीठ मुठीने नि चिमटीने पडतं, ते हाताला कळतं, चमच्याला नाही. आणि आषाढात मासा महाग झाला की आमच्या पानात काय असतं? पेजेसोबत भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर, लोणचं, आगळाची कढी. आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो टिकावा म्हणून त्यात आधीच मीठ असतं. बांगडा तर पोट फाडून मीठ भरूनच वाळवलेला. आमटीत मीठ बेतानेच घातलं तरी ताटात ते चहूकडून आलेलं असतं.

म्हणून हे लोक जिभेला विचारत नाहीत, लघवीला विचारतात. खाल्लेल्या मिठातलं साधारण नव्वद टक्के सोडियम चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडतं. त्यासाठी झाकणाचा पाच लिटरचा पांढरा कॅन, एक मापाचा मग आणि वेळ लिहायचा कागद मिळाला. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, पण तिची वेळ टिपायची. तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. शौचाला जायच्या आधीसुद्धा लघवी वेगळी घ्यायची. हे शेवटचं कुणाच्याच पटकन लक्षात येत नाही.

सासूबाईंनी कॅन पाहिला आणि म्हणाल्या, "देवापासून लांब ठेव म्हंजे झाला." मी तो मागच्या पडवीत सावलीत ठेवला. त्या दिवशी बाजार जावेने केला, कारण घराबाहेर एखादी लघवी झाली तर सगळा हिशेब चुकतो. जेवण मात्र नेहमीचंच ठेवलं, मुद्दाम अळणी खाल्लं नाही. सकाळी पथकातल्या मुलीने कॅन हलवून मोजला, दोन छोट्या नळ्या भरून घेतल्या, बाकीचं ओतून दिलं. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येऊन लघवीवाटे रोज साधारण सारखंच बाहेर पडणारं द्रव्य, ते तपासलं की दिवसाची लघवी पुरी गोळा झाली का, याचाही अंदाज येतो, असं तिने सांगितलं.

माझं मीठ दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास निघालं. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत राहा म्हणते. मी चरकले, पण डॉक्टर म्हणाल्या, "काकी, हा तुमच्या एका दिवसाचा आकडा आहे, रोज तो बदलतो. शेकडो लोकांचे आकडे एकत्र आले की गावाचं चित्र दिसतं." १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला इंटरसॉल्ट अभ्यास अशाच लघवीवर उभा होता. ३२ देशांतली ५२ केंद्रं, दहा हजारांहून जास्त माणसं. भारतातून दिल्ली आणि लडाख त्यात होते. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि त्यांचा दाब वयाबरोबर चढतही नाही. नुसत्या मिठानेच दाब वाढतो असं मात्र नाही. आनुवंशिकता, वजन, दारू, वय हेही असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही.

कमी सोडियमच्या मिठाबद्दलही मी विचारलं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर अभ्यास झाला. त्यात निम्म्या गावांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं होतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, त्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मी घरापुरतं ते आणलं, तेही आमच्या सगळ्यांची मूत्रपिंडं तपासून झाल्यावर. खानावळीत नाही वापरत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं आणि पानावर कोण बसलंय, मला काय ठाऊक? तिथे मी बांगडा दोनदा पाण्यातून काढते आणि लोणचं मागितल्यावरच वाढते.

पुन्हा वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब चढाच निघाला, तेव्हा आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिनची गोळी सुरू झाली. ती मी चुकवत नाही.

पथक आता खालच्या वाडीत जाणार आहे. तिथल्या बायका मला विचारायला येतात, म्हणून इथेही लिहिते. कॅनसाठी घरी राहता येईल असा दिवस निवडा. पाळी चालू असेल तर आधीच सांगून दिवस बदलून घ्या. आणि एखादी लघवी चुकली, तर ती लपवू नका. ताईंना तसं सांगा, त्या दुसरा कॅन देतात.